वाळीत टाकल्यावर काय करायचं? सामाजिक बहिष्काराची तक्रार पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

बहिष्काराचा पहिला दिवस बहुतेकांना कळतच नाही. सकाळी ओटीवर बसलेले चुलते मान वळवतात, तेव्हा आपल्याला वाटतं, लक्ष नसेल. दोन दिवसांनी लग्नाची पत्रिका शेजारच्या दोन्ही घरांत पडते आणि पत्रिका वाटणारा मधलं आपलं घर टाळून पुढे जातो. मग एखादा लांबचा नातेवाईक फोन करतो आणि दबक्या आवाजात सांगतो, "तुमच्याशी कुणी बोलायचं नाही असं बैठकीत ठरलंय. माझं नाव मात्र कुठे घेऊ नका."

हा लेख त्या फोननंतरच्या दिवसांसाठी आहे. गेली काही वर्षं मी अशा कुटुंबांसोबत पोलीस ठाण्यात, तहसीलदारांकडे आणि कोर्टात जाते. कायदा चांगला आहे, पण लोक त्याच्यापर्यंत उशिरा पोचतात आणि पोचतात तेव्हा हातात काही नसतं. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा नोंद ठेवण्याला दिली आहे. हे काम एखाद्या ओळखीच्या कुटुंबासाठी पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांनाही हाच क्रम उपयोगी पडेल.

कायदा नेमका कोणता

त्याचं पूर्ण नाव 'महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६'. विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये तो मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. असा स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य.

त्यामागे बरीच माणसं उभी आहेत. २०१३ साली नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या एका गरोदर मुलीचा तिच्या वडिलांनीच खून केला, आणि त्या घरावर असलेला जात पंचायतीचा दबाव चर्चेत आला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 'जात पंचायतीला मूठमाती' हे अभियान त्याच वर्षी सुरू केलं. तिकडे रायगडातून गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी एकामागून एक येत होत्या. तोवर पोलिसांकडे वापरायला होती ती खंडणीची, धमकीची कलमं. पैसे मागितले नाहीत, मारहाण केली नाही, नुसतं बोलणं बंद केलं, तर गुन्हा कोणता लावायचा हेच त्यांना कळत नसे. नवा कायदा या "नुसतं बोलणं बंद" करण्यालाच गुन्हा मानतो.

कलम ३ मध्ये बहिष्काराचे प्रकार दिले आहेत. समाजाच्या कार्यक्रमात येऊ न देणं, लग्न किंवा अंत्यविधी करू न देणं, मंदिर, समाजमंदिर, स्मशान वापरू न देणं, समाजातून काढून टाकणं, धंद्याचे आणि सोयरिकीचे संबंध तोडायला इतरांना भाग पाडणं, विशिष्ट कपडे घालायची किंवा विशिष्ट भाषा बोलायची सक्ती करणं, नीतिमत्ता किंवा राजकीय कल यांच्यावरून भेदभाव करणं. यादी मोठी आहे. मूळ कलम एकदा स्वतः वाचा आणि तुमच्याबाबतीत जे जे घडलंय त्याच्यासमोर पेन्सिलने खूण करा. पुढे तक्रार लिहिताना हीच पानं समोर ठेवायची आहेत.

शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी तो नोंदवून तपास करायचा. जामीनपात्रही आहे, म्हणजे पंच बहुधा लगेच घरी येतील. ही दुसरी गोष्ट आधीच मनात पक्की करा. गुन्हा नोंदवला त्या संध्याकाळी पंच पारावर बसलेले दिसले की अनेक कुटुंबांचा धीर सुटतो. "बघा, काही झालं नाही" असं गाव म्हणतं. जामीन मिळाला म्हणजे खटला संपला असं नाही.

आधी हे तपासा: बहिष्कार कुणी घातलाय?

इथे चूक झाली तर सगळी तक्रार लंगडी पडते. २०१६ चा कायदा हा आपल्याच समाजाने आपल्याच माणसावर घातलेल्या बहिष्कारासाठी आहे. समाज म्हणजे धर्म, पंथ, जात, पोटजात. पंचायत नोंदणीकृत आहे की नाही याने फरक पडत नाही. गावकी, भावकी, कमिटी, मंडळ, नाव काहीही असो.

तुम्ही अनुसूचित जाती किंवा जमातीचे असाल आणि गावातल्या इतर समाजाने तुमचं किराणा, दळण, मजुरी, पाणी बंद केलं असेल, तर रस्ता वेगळा आहे. तिथे अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ लागतो. २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणं आणि त्याची धमकी देणं हे त्यात स्पष्ट गुन्हे झाले. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो. हा कायदा जास्त कडक आहे. ठाण्यात कुणी "अ‍ॅट्रॉसिटी नको, साधी बहिष्काराची घेऊ" म्हणालं तर ऐकू नका.

धर्मगुरूने किंवा धार्मिक पीठाने पंथातून काढलं असेल तर आधी वकिलाशी बोला. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ साली घटनाबाह्य ठरवला. त्या निकालाचा फेरविचार २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. धार्मिक स्वातंत्र्य आणि बहिष्कार यांच्यातली रेघ नाजूक आहे, एवढं यावरून लक्षात घ्या.

पहिली पायरी: वही

बहिष्काराचा आदेश लेखी मिळत नाही. पंच शहाणे असतात. सगळं तोंडी ठरतं आणि विचारलं तर "आम्ही कुठे काय म्हणालो, ज्याची त्याची मर्जी" हे उत्तर तयार असतं. न्यायाधीशांसमोर उभं राहायचं तर ही मर्जी नाही, ठरवून केलेली गोष्ट आहे, हे दिसावं लागतं. एकदा कुणी बोललं नाही तर योगायोग. एका महिन्यात चाळीस वेळा, त्याच बैठकीनंतर, तेच सगळे बोलले नाहीत, तर तो ठराव.

म्हणून आजच एक वही काढा. सुटे कागद नकोत, पानं शिवलेली दोनशे पानी वही घ्या. रोज लिहा. तारीख, वेळ, जागा, कोण होतं, काय म्हणालं किंवा काय केलं. काही घडलं नाही तर "आज काही नाही" असंही लिहा, त्याने वहीचा खरेपणा वाढतो. मागच्या गोष्टी लिहायच्या असतील तर "हे आज आठवून लिहीत आहे" असं वर लिहून मग लिहा. तारखा मागाहून घुसडू नका. उलटतपासणीत पहिला प्रश्न त्याच्यावर येतो.

एका ताईंची वही माझ्या डोळ्यांसमोर आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या. गावच्या गिरणीचा मालक त्यांच्याच भावकीतला. वहीत होतं: "मंगळवार. सकाळी ८ ला दळणाचा डबा ठेवला. ज्वारी ५ किलो. माझ्यानंतर दोघींचे डबे आले ते दळून गेले. संध्याकाळी ६ ला माझा डबा होता तसाच. मालक म्हणाला लाइट नव्हती." खाली दुसऱ्या शाईत: "लाइट होती. आमच्या घरी टीव्ही चालू होता." पुढच्या मंगळवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा. रागाचा एक शब्द त्यात नव्हता. तपास करणाऱ्या हवालदारांनी ती पानं वाचली, वही मिटली आणि थेट गिरणीवर गेले.

वहीबरोबर बाकीचं जमवत राहा.

व्हॉट्सअ‍ॅपवर समाजाच्या ग्रुपमधून काढलं असेल, "अमुक घराशी व्यवहार करणाऱ्यास दंड" असा मेसेज फिरला असेल, तर स्क्रीनशॉट घ्या, पण त्याच्यावर थांबू नका. तो मेसेज ज्या फोनवर आला तो मूळ फोन जपा, विकू नका, रिसेट करू नका. डिजिटल पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून देतात, पण मूळ फोनच नसेल तर काम अवघड होतं.

दंड भरला असेल तर त्याची पावती, पंचांच्या वहीतल्या पानाचा फोटो, बँकेतून काढलेल्या पैशांची नोंद. पूर्वी पैसे भरले म्हणून लाज वाटून ते लपवू नका. ज्यांनी दंड भरला ते गुन्हेगार नाहीत. मागणाऱ्यांवर उलट खंडणीचं कलमही लागू शकतं, भारतीय न्याय संहितेत ते ३०८ आहे. मारण्याची किंवा बदनामीची धमकी असेल तर ३५१.

पत्रिका आलीच नाही याचा पुरावा कसा द्यायचा, असं लोक विचारतात. ज्या शेजाऱ्याला आली त्याच्या पत्रिकेचा फोटो, आणि मागच्या पाच वर्षांत त्याच घराकडून तुम्हाला आलेल्या पत्रिका. जुनी वर्गणीची पावती आणि यंदा वर्गणी नाकारल्याची वहीतली नोंद शेजारी शेजारी ठेवली की फरक आपोआप दिसतो. कोकणात शिमग्याची पालखी दरवर्षी दारात यायची आणि यंदा आली नाही, तर मागच्या वर्षांचे फोटो घरात कुठेतरी असतातच. ते शोधा.

साक्षीदार हा सगळ्यात कठीण भाग. गावातलं कुणी बोलणार नाही असं धरून चाला आणि तरी विचारा. गावाबाहेर लग्न होऊन गेलेल्या लेकी, शहरात नोकरी करणारे पुतणे, दुसऱ्या समाजाचा दुकानदार, शाळेतले गुरुजी, आशाताई, यांच्यावर पंचांचा जोर कमी चालतो.

बैठक अजून व्हायची असेल तर

"येत्या रविवारी तुमचा विषय घेणार आहेत" असं कळलं तर वाट पाहू नका. बहिष्कार घालण्यासाठी अशी बैठक बोलावणं हाच या कायद्याने गुन्हा आहे. माहिती मिळाल्यावर जिल्हाधिकारी आदेश काढून ती बैठक रोखू शकतात. जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या: बैठकीची तारीख, वेळ, जागा, बोलावणाऱ्यांची नावं, तुम्हाला कसं कळलं. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. तीच प्रत पोलीस ठाण्यातही द्या. बैठकीच्या दिवशी जिवाला धोका वाटला तर ११२.

बैठकीला बोलावणं आलंय तर जायचं का? माझं मत स्पष्ट आहे: एकट्याने नाही, आणि माफी मागायला तर मुळीच नाही. तिथे नाक घासून, पाया पडून, कागदावर सही करून दिली की तो कागद पुढे तुमच्याच विरुद्ध वापरला जातो.

दुसरी पायरी: तक्रारीचा कागद

तक्रार पीडित व्यक्ती किंवा तिच्या कुटुंबातलं कुणीही देऊ शकतं. पोलिसांकडे देता येते, किंवा थेट प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही. बहुतेकांनी पोलिसांपासून सुरुवात करावी, कारण तपास त्यांच्याकडे असतो.

माझ्याकडे येणाऱ्या दहा अर्जांपैकी बहुतेकांत हे वाक्य असतं: "आमच्या कुटुंबावर समाजाने बहिष्कार टाकला असून आम्हास न्याय मिळावा ही विनंती." या वाक्याने काही होत नाही. समाज म्हणजे कोण? कधी? काय केलं? आता हे पाहा: "दि. १२ रोजी रात्री ९ च्या सुमारास समाजमंदिरात बैठक झाली. त्यात खालील सात जण हजर होते. त्यांपैकी क्रमांक २ म्हणाले, 'यांच्या दारात जो जाईल त्याला पाच हजार दंड.' दि. १५ रोजी माझे सासरे वारले. समाजातले कुणी खांदा द्यायला आले नाही. तिरडीचं सामान आम्ही दुसऱ्या गावाहून आणलं." हे वाचून ठाणे अंमलदाराला कलम शोधावं लागत नाही.

नावं द्या. सगळा समाज आरोपी करू नका. ज्यांनी बैठक बोलावली, ठराव सांगितला, दंड मागितला, अंमलबजावणी करवली, तेवढेच. भीतीने गप्प बसलेले शंभर लोक आरोपींच्या यादीत टाकले की तेच शंभर तुमच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभे राहतात. त्यांच्यातले दोघे-तिघे पुढे तुमच्या बाजूने बोलतील, ती वाट मोकळी ठेवा.

अर्जात कायद्याचं पूर्ण नाव लिहा. सगळ्या ठाण्यांत तो रोज वापरला जात नाही, म्हणून कायद्याची छापील प्रत सोबत न्या. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक वेळी उपयोग होतो.

तिसरी पायरी: ठाण्यात

एकटे जाऊ नका. रात्री जाऊ नका. सोबत एक असं माणूस असू द्या जे बोलणार नाही, फक्त बसेल आणि लिहून घेईल.

दोन वाक्यं तुम्हाला ऐकू येण्याची शक्यता आहे. पहिलं, "हा तुमच्या समाजाचा मामला आहे, आपसात मिटवून घ्या." दुसरं, "एन. सी. घेतो." एन. सी. म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तिचा कागद मिळतो, माणूस समाधानाने घरी येतो, आणि तपास होतच नाही. एका ठाण्यात मी आणि एक कुटुंब दुपारी दोनपासून रात्री आठपर्यंत बाकावर बसलो होतो, आणि शेवटी हातात एन. सी. ठेवली गेली. त्या घरातल्या बाईंनी तो कागद परत टेबलावर ठेवला आणि कायद्याच्या प्रतीतला 'दखलपात्र' हा शब्द बोटाने दाखवला. साडेनऊला गुन्हा नोंदला. तुम्हीही हेच करा, आवाज न चढवता.

जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मधल्या काही गोष्टी पाठ असू द्या. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती मागा. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करायची सोय पोलिसांना आहे, पण ती चौदा दिवसांत संपवायची असते. "चौकशी चालू आहे" असं सांगितलं गेलं तर चौकशी कोणत्या तारखेला सुरू झाली ते विचारून वहीत लिहा.

नोंदच घेतली नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, शहरात पोलीस आयुक्तालयाकडे. पोचपावती वहीत चिकटवा. तरीही हालचाल नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. या टप्प्यावर वकील लागतो, आणि तो फुकट मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. फोनवरून विचारायचं तर १५१००. यामुळेच बऱ्याचदा घरातल्या बाईच्या नावाने तक्रार देणं सोयीचं पडतं, पण तिची स्वतःची तयारी असेल तरच.

चौथी पायरी: गुन्हा नोंदल्यानंतरचे महिने

तपासाची प्रगती नव्वद दिवसांत तक्रारदाराला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला पूर्ण व्हावा, असं २०१६ चा कायदा म्हणतो. तारखा लांबल्या तर तुमच्या वकिलाने हे कलम दाखवावं. दंड झाला तर त्यातली रक्कम पूर्ण किंवा काही अंशी पीडिताला द्यायचा आदेश न्यायालय देऊ शकतं.

या महिन्यांत बहिष्कार बहुधा आणखी आवळतो. मुलांवर परिणाम होतो तो सगळ्यात आधी सांभाळा. शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना स्पष्ट सांगा. डब्याच्या सुट्टीत मूल एकटं बसतंय का, एवढं पाहायला सांगितलं तरी पुरे असतं. म्हाताऱ्या माणसांच्या औषधाची, किराण्याची सोय दुसऱ्या गावातून लावून ठेवा. समिती, संघटना, पत्रकार यांच्यापैकी कुणालातरी सोबत घ्या, पण बातमी द्यायची की नाही हे घरात सगळ्यांनी मिळून ठरवा. बातमी आली की परत फिरता येत नाही.

मग मिटवण्याचा निरोप येईल. यायलाच हवा. लोकांना त्याच गावात राहायचं असतं, त्याच पाणवठ्यावर जायचं असतं, आणि समेट करणाऱ्या एकाही कुटुंबाला मी कमी लेखत नाही. कायद्यातही त्याची वाट आहे: पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर तडजोड होऊ शकते, आणि आरोपींना समाजसेवेचं काम करायला लावता येतं. अट एकच ठेवा. समेट कोर्टात होऊ द्या. पंचांनी समाजमंदिरात घातलेल्या सतरंजीवर "केस मागे घ्या, मग पाहू" असा जो समेट होतो तो दुसऱ्या बाजूने कधीच पुरा होत नाही.

समेटाच्या कागदात काय हवं? "बहिष्कार मागे घेतला" एवढं लिहून भागत नाही, कारण पंच म्हणतात बहिष्कार नव्हताच. घेतलेला दंड कोणत्या तारखेपर्यंत परत, वर्गणी पुन्हा कधीपासून, कोणत्या सणाला कोणता मान, दळण, स्मशान, पालखी, असं एकेक नाव घेऊन लिहून घ्या. आणि हा निर्णय ज्या बैठकीत, ज्या लोकांसमोर बहिष्कार सांगितला होता, तशाच बैठकीत, त्यांच्यासमोर मोठ्याने वाचला जाईल, हेही.

वही तेव्हाही बंद करू नका. समेटानंतरच्या पहिल्या लग्नाची पत्रिका आली का, पहिल्या मयताला कोण आलं, गिरणीतून डबा किती वाजता परत आला, हे पुढचं वर्षभर लिहीत राहा. पुन्हा सुरू झालं तर तो नवा गुन्हा आहे, आणि त्याची तारीख तुमच्याकडे असेल.